फेरीच्या डोंगरवाटेचा हिशेब घरीच मांडावा
एका दिवसाच्या खडतर पदभ्रमणासाठी वेळ, पाणी आणि परतीची हद्द कशी ठरवावी?

काटोल, प्रतिनिधी

जाम नदीच्या काठचे काटोल समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. भोवताली संत्र्यांच्या बागा, काळी जमीन आणि हलके चढउतार. येथून उत्तरेस सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेत गेले की मात्र चित्र पालटते. त्या रांगेतील धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. विदर्भाला या डोंगरांची ओळख पर्यटनापेक्षा श्रद्धेने अधिक करून दिली. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडाच्या सुमारे तेराशे पायऱ्या चढणारे आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळची नागद्वार यात्रा करणारे भाविक नागपूर, अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतील गावोगावी भेटतात.

अलीकडे यात्रेबरोबरच केवळ हौसेने डोंगर चढणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. सुटीच्या दिवशी सकाळी निघायचे, डोंगराला वळसा घालायचा आणि संध्याकाळी परत यायचे, असा बेत सहज ठरतो. परंतु ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतणे आणि फेरी पूर्ण करून मूळ ठिकाणी येणे यांत मोठा फरक आहे. तो लक्षात न घेता केलेला बेत अंधारात आणि जंगलात संपण्याची शक्यता असते.

फेरीची वाट वेगळी का?

जाऊन त्याच वाटेने परतायचे असेल, तर प्रत्येक पावलागणिक परतीची वाट आपल्या ओळखीची होत जाते. थकवा आला, पाऊस आला, सोबत्याचा पाय मुरगळला, तर कोठूनही मागे फिरता येते. फेरीच्या वाटेवर ही सोय अर्ध्यापर्यंतच असते. अर्धी वाट ओलांडली की मागे फिरणे पुढे जाण्याहून लांबचे ठरते आणि पुढची वाट तर पूर्णपणे अनोळखी असते. त्यामुळे मागे फिरण्याचा निर्णय अर्ध्या वाटेपूर्वी किंवा फार तर त्या बिंदूवर घ्यावा लागतो. नेमक्या त्याच वेळी अंगात उत्साह असतो, ऊन प्रखर वाटत नाही आणि 'आता थोडेच राहिले' अशी समजूत झालेली असते. म्हणूनच हा निर्णय डोंगरावर न घेता घरी, कागदावर घ्यावा.

परवानगी प्रथम

वाट निवडताना पहिला प्रश्न ती आपल्याला खुली आहे काय, हा असावा. नागद्वारचा मार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जातो. तो यात्रेच्या काळापुरताच सर्वांसाठी खुला होतो. २०२५ मध्ये नागपंचमी २९ जुलैला होती. चांद्र तिथीनुसार हा काळ दरवर्षी पुढेमागे होतो, त्यामुळे तारखा आधी पाहून घ्याव्यात. यात्रेत प्रशासनाचा बंदोबस्त असतो, वाटेत सेवा मंडळांचे मंडप लागतात आणि बरेच भाविक मुक्कामही करतात. यात्रा संपल्यावर ती वाट पुन्हा वनाची होते.

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसर आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ला यांच्या बाबतीतही वन विभागाचे नियम लक्षात घ्यावे लागतात, कारण मेळघाट व्याघ्र प्रकल्प त्यांना लागूनच आहे. पायी हिंडण्यास कोठे मनाई आहे, वाटाड्या सोबत घेणे बंधनकारक आहे काय आणि प्रवेशद्वार किती वाजता बंद होते, या तीन गोष्टी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयातून विचारून घ्याव्यात. प्रवेशद्वाराची वेळ अनेकदा सूर्यास्तापेक्षाही आधीची असते.

वेळेचे गणित

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला. आजच्या मापात तो असा सांगता येईल: दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा नियम सरावलेल्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसासाठी, थंड हवेतला आहे. आपल्याकडील उष्मा, खडकाळ वाट, पाठीवरचे ओझे आणि पाच-सहा जणांचा गट लक्षात घेता त्यात निम्मी भर घालणे शहाणपणाचे ठरते. विश्रांतीचा वेळ त्याहून निराळा.

उदाहरणार्थ, १६ किलोमीटरची फेरी आहे आणि एकूण चढ ९०० मीटर आहे असे समजू. अंतराचे ३ तास १२ मिनिटे आणि चढाचा दीड तास, असे मिळून ४ तास ४२ मिनिटे होतात. निम्मी भर घातली की ७ तास ३ मिनिटे. भोजन आणि विसाव्यासाठी दीड तास धरला तर एकूण साडेआठ तास. सकाळी साडेसहाला चालू लागलेला गट दुपारी तीनला परत येईल. तोच गट नऊ वाजता निघाला तर साडेपाच वाजतील.

डिसेंबरच्या सुरुवातीस पचमढीच्या परिसरात साडेपाचच्याच सुमारास सूर्य मावळतो. जुलैअखेरीस तो सातच्या सुमारास मावळतो, परंतु तेव्हा ढग आणि धुके यांमुळे झाडीत अंधार लवकर दाटतो. म्हणजे हिवाळ्यात निघण्यास अडीच तासांचा उशीर झाला, तर हाताशी असलेली सारी सवड घरातून निघण्यापूर्वीच संपलेली असते.

चढाचा आकडा नकाशावरून काढता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि सामान्यतः दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंचीचे अंतर असते. वाट चढताना किती रेषा ओलांडते ते मोजून वीसने गुणावे. मधल्या दऱ्यांत उतरून पुन्हा चढावे लागत असेल तर तो चढही धरावा. केवळ शिखराची उंची पाहून केलेला अंदाज येथेच चुकतो.

परतीची हद्द

वरच्या उदाहरणात पहिल्या आठ किलोमीटरमध्ये ६०० मीटर आणि उरलेल्या आठमध्ये ३०० मीटर चढ आहे असे धरले, तर अर्ध्या वाटेवर गट सव्वाअकराच्या आत पोहोचायला हवा. तेथे सव्वाबारा वाजले, तर त्याचा अर्थ गट ठरलेल्या गतीच्या मागे आहे. तीच गती राहिली तर फेरी पाचच्या सुमारास संपेल, म्हणजे सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास उरेल. एक वाजला असेल तर साडेसहा होतील, म्हणजे शेवटचा तास अंधारातला.

तेव्हा या गटाने घरीच लिहून ठेवावे: 'अर्ध्या वाटेवर सव्वाबारानंतर पोहोचलो तर आल्या वाटेने परत.' परततानाचा मार्ग ओळखीचा असतो आणि सकाळचा बराचसा चढ आता उतार झालेला असतो. अंतर तेवढेच असले तरी धोका पुष्कळच कमी होतो. ही वेळ गटातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असावी. म्हणजे मागे फिरा म्हणणाऱ्यावर भित्रेपणाचा शिक्का बसत नाही आणि सर्वांत हळू चालणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. गटाची गती म्हणजे त्याचीच गती, हे हिशेबात प्रथमपासून धरलेले असावे.

यात्रेच्या गर्दीत हे गणित आणखी सैल धरावे लागते. अरुंद ठिकाणी रांगा लागतात आणि तेथे आपल्या पायांची गती निरुपयोगी ठरते.

पाणी, अन्न आणि पाठपिशवी

चालण्याच्या प्रत्येक तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी हा ढोबळ अंदाज आहे. साडेआठ तासांसाठी प्रत्येकी चार लिटर पाणी लागते, म्हणजे चार किलो ओझे. वाटेतील झऱ्यावर भिस्त ठेवायची असेल तर तो त्या महिन्यात वाहतो काय, हे स्थानिकांना विचारावे आणि पाणी शुद्ध करूनच प्यावे. घामावाटे क्षारही जातात. त्यासाठी जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावीत.

खाण्यासाठी पोळी-चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर असे न विटणारे पदार्थ बरे. काटोलकरांना संत्र्याची शिफारस करण्याची गरज नाही. आंबिया बहाराची संत्री ऐन हिवाळ्यात, तर मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात. डोंगर चढण्याचा हंगामही हाच. साली मात्र पिशवीत परत आणाव्यात. त्या लवकर कुजत नाहीत आणि माकडांना माणसांच्या वाटेवर येण्याची सवय लावतात.

याशिवाय शिट्टी, डोक्याला बांधता येणारा टॉर्च, जास्तीचे सेल, प्रथमोपचाराचे साहित्य, पावसाळी डगला आणि कोरडे मोजे प्रत्येकाजवळ असावेत. लवकर परतण्याचा बेत असला तरी टॉर्च घरी ठेवू नये. मोबाइलला नेटवर्क नसले तरी त्यातील जीपीएस चालते, मात्र नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा.

शरीराची तयारी

सपाट प्रदेशात रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याला चढाने दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतारावर. चार ते सहा आठवडे आधीपासून पाठीवर वजन घेऊन जिने चढण्याउतरण्याचा सराव करावा. रामटेकची टेकडी त्यासाठी नागपूरकरांना सोयीची आहे. नवे बूट प्रथमच डोंगरावर घालू नयेत. काटोल किंवा नागपूरहून पचमढीला जायचे तर रात्रभर प्रवास करून पहाटे चालू लागणे टाळावे. आदल्या दिवशी पोहोचून घेतलेली झोप ही तयारीचाच भाग आहे.

धोके ओळखावेत

पावसाळ्यात सातपुड्यातील नाले पाहता पाहता फुगतात. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने पाणी वाढू शकते. पाणी गुडघ्याच्या वर आणि वाहते असेल तर ओलांडू नये, ओसरण्याची वाट पाहावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर माथा आणि एकटे झाड सोडून खाली यावे. कड्यांवर आग्या मोहोळ असते. तेथे धूर, आरडाओरड आणि उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे यांपैकी काही करू नये. रुग्णाला शक्य तितके न चालवता रुग्णालयात हलवावे.

शेवटी, घरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे चिठ्ठी ठेवावी. तीत वाटेचे नाव, सोबत्यांची नावे, वाहनाचा क्रमांक, परतण्याची अपेक्षित वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास ११२ क्रमांकावर कळवायचे, एवढे लिहिलेले असावे. शोध घेणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गट कोणत्या वाटेने गेला याची माहिती. १६ किलोमीटरच्या फेरीत ती नसेल, तर शोध कोणत्या बाजूने सुरू करायचा हेच ठरत नाही.