मुलगा घरी परतला आणि आईचं किचन पुन्हा डबल शिफ्टमध्ये सुरू झालं

पुण्यातली रूम सोडली, डिपॉझिट परत घेतलं (मालकाने त्यातलं किती कापलं हा वेगळा विषय), गादी आणि कूलर ज्युनिअरच्या गळ्यात मारला आणि गडी लातूरला घरी आला. कारण काहीही असू शकतं. वर्क फ्रॉम होम मिळालं असेल, नोकरी गेली असेल, एमपीएससीचे प्रयत्न करून झाले असतील, नाहीतर वडिलांची तब्येत बिघडली असेल.

पहिले आठ दिवस घरचं जेवण म्हणजे सोहळा असतो. गरम ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, ताटाचा फोटो स्टोरीला आणि वर 'आईच्या हातची चव'. मेसचं पाणीदार वरण खाऊन सहा-सात वर्षं काढलेल्या माणसाला हे वाटणारच.

तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर बदलतो. मुलगा म्हणतो, "आज पण दोडकाच?" आई म्हणते, "दहाला उठतोस, मग नाश्ता कधी करायचा आणि जेवण कधी?" वडील टीव्हीचा आवाज वाढवतात. बघणाऱ्याला वाटतं, भांडण दोडक्यावरून चाललंय. खरं तर ते वेळेवरून चाललेलं असतं.

मुलगा नव्हता तेव्हा घरात काय बदललं?

मुलं बाहेर पडली की घरातलं किचन हळूहळू लहान होतं. मोठा कुकर माळ्यावर जातो, छोटा रोजच्या वापरात येतो. दूध एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर येतं. १४.२ किलोचा सिलेंडर दोघांना निवांत पुरायला लागतो. वडिलांना शुगर निघाली की भात कमी होतो, बीपी निघालं की मीठ आणि लोणचं कमी होतं. सकाळचं वरण रात्री गरम करून चालतं. संध्याकाळी दोघांनी दूध-भाकरी खाल्ली तरी कुणी तक्रार करत नाही.

या सगळ्यातून आईला दुपार मिळालेली असते. भिशी, भजन, मालिका किंवा नुसती झोप. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेली.

मुलगा येतो तेव्हा ही दुपार सगळ्यात आधी जाते. एका माणसाच्या दोन-तीन भाकरी वाढल्या, त्यात काय एवढं, असं त्याला वाटतं. भाकरी थापायला जास्तीचा वेळ फार लागत नाही, हे खरंच आहे. वाढतात त्या गॅस पेटवायच्या वेळा. समजा, त्याचा क्लायंट अमेरिकेतला आहे. मग सकाळी सातला वडिलांचा चहा, साडेदहाला मुलाचा नाश्ता, एकला वडिलांचं जेवण, अडीचला मुलाचं, पाचला चहा, आठला वडिलांना भाकरी आणि रात्री अकराला मुलासाठी 'फक्त गरम करून दे'. त्या 'फक्त'मध्ये ओटा पुन्हा पुसणं आणि सिंकमध्ये पुन्हा भांडी पडणं आलंच.

याचा हिशोब सरकारने मांडलाय

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार या चोवीस तासांत घरातल्या सहा वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाने काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवलं गेलं. २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या महिला ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. जे ही कामं करत होते, त्यांच्यातही महिलांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली. पुरुषांचीही नऊ वाचली, ज्यांना वाचवायची तशी गरज नव्हती.

२०१९ चे हे आकडे सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचले. अपघातात मृत्यू झालेल्या गृहिणीचं उत्पन्न किती धरायचं, असा मुद्दा एका नुकसानभरपाईच्या खटल्यात होता. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी हाच २९९ विरुद्ध ९७ मिनिटांचा दाखला दिला आणि गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे, हे मान्य केलं.

पण एक काम अर्ध्या तासाच्या चौकटीत पकडणं अवघड आहे. ते म्हणजे 'आज काय करू?' हा प्रश्न. फ्रीजमध्ये काय उरलंय, वडिलांना काय चालत नाही, मुलाला काय आवडत नाही, कोथिंबीर आज वापरली नाही तर उद्या टाकावी लागेल, हे सगळं डोक्यात फिरत असतं. आई विचारते, "काय करू रे?" मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "काहीही कर." त्याला वाटतं आपण ॲडजस्ट करतोय. तिचं काम मात्र तिथल्या तिथेच राहतं.

मुलगी परतली तर गोष्ट थोडी वेगळी असते. तिच्याकडे पाहुणी म्हणून बघणं दोन दिवसांत संपतं आणि तिसऱ्या दिवशी "जरा कणीक मळ गं" ऐकू येतं. तिचाही लॅपटॉप उघडा असतो, पण तो कुणाला दिसत नाही.

'मी मदत करतो' म्हटल्यावर गोंधळ का होतो?

बरं, मुलगा चांगला आहे आणि त्याने ठरवलं की रात्रीचं वरण आपण लावायचं. रूमवर तो करायचाच. तीन शिट्ट्या झाल्या की वरण तयार. लातूरच्या घरी त्याच तीन शिट्ट्यांत डाळ टणक राहते. ज्या शहरात तुरीच्या डाळीच्या मिल आहेत, तिथेच डाळ शिजत नाही म्हटल्यावर तो चक्रावतो.

दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. पुण्यात धरणाचं नळाचं पाणी तुलनेनं मऊ असतं. लातूरमध्ये बोअर आणि टँकरशी लोकांचं जुनं नातं आहे. २०१६ च्या दुष्काळात तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला ते आणखी घट्ट बांधतं, म्हणून डाळ मऊ पडत नाही. बादलीला पांढरा थर बसत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर डाळही तुम्हाला त्रास देणार हे धरून चाला.

आई यासाठी डाळ अर्धा तास भिजवते, पिण्याचं पाणी घालते आणि चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच टाकते, कारण आंबटाने डाळ शिजायला आणखी वेळ लागतो. हे तिने कुणाला समजावून सांगितलेलं नसतं. विचारलं तर म्हणते, "अंदाजाने."

भाकरीचंही तसंच. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे पोळी लाटताना ताणली जाते. ज्वारीत ते नसतं, म्हणून भाकरी थापताना कडा फाटतात. गिरणीतून ताजं आणलेलं पीठ असेल तर अनेक बायका साध्या पाण्यातही मळतात. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे ते धरून राहत नाही. मग उकळतं पाणी घालतात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम थोडंफार भागवतो. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, तो पृष्ठभाग सुकून तडकू नये म्हणून. यूट्यूबवर हे सगळं आहे. फक्त आपल्या डब्यातल्या पिठाची विरी गेलीय की नाही, हे यूट्यूबला कळत नाही. त्यासाठी शेजारी आईच उभी असावी लागते.

म्हणून घरी परतलेला काळ कामाचा असतो. १९७० मध्ये आलेलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' घराघरात पोहोचलं, तेव्हा अनेक नवशिक्यांना पहिल्यांदाच हातात धरता येईल असं माप मिळालं. आईचा 'अंदाज' मात्र अजून कुठेच छापलेला नाही. ती चिमटीत मीठ घेते तेव्हा ते एकदा चमच्यात ओतून बघितलं, तर निदान एका घरापुरतं माप मिळतं. मिठाचं तर बघाच. मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वडिलांना बीपी असेल तर चटणी, लोणचं आणि पापड धरून घरात किती होतं, हे त्यातून कळतं.

मग करायचं काय?

भाजी चिरून देणं, ताटं घेणं ही मदत झाली. ती चांगलीच आहे, पण ठरवायचं काम आईकडेच राहतं. जिथे गाडी रुळावर येते, तिथे बहुतेकदा एक अख्खी वेळ मुलाकडे दिलेली असते. समजा, मंगळवार आणि शुक्रवारचं रात्रीचं जेवण. काय करायचं हे त्याने ठरवायचं, सामान त्याने आणायचं, वडिलांचं पथ्य त्याने सांभाळायचं आणि ओटा पुसून गॅस बंद करेपर्यंत सगळं त्याचं. किराण्याचे पैसेही महिन्याच्या सुरुवातीला ठरवून दिलेले बरे. आई "राहू दे रे" म्हणेल. तरी डब्याखाली ठेवून द्यावेत.

रात्री अकराचं ताट स्वतः गरम करायचं, हे तर बोलायचीही गरज नाही.

पहिल्या मंगळवारी भाकरी तीनदा फाटेल, चौथी कशीबशी फुगेल आणि वडील ती मुकाट्याने खातील. आई हॉलमध्ये मालिका बघत बसलेली असेल, पण तिचे कान किचनकडे असतील. पाचव्या मिनिटाला आतून वास गेला की तिथूनच आवाज येईल, "गॅस बारीक कर!"