छतावरची चित्रं

बँकेत नोकरीला असतानाच माझी पहिली कादंबरी छापून आली. सौ.नं ती एका रात्रीत वाचून काढली आणि सकाळी चहाचा कप पुढे ठेवत एवढंच विचारलं, "अहो, यातली ती सारखी कुरकुरणारी बाई मीच ना?"

"छे! ती काल्पनिक आहे," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा होता.

घरातलं माणूस कागदावर उतरवणं म्हणजे त्याला न विचारता त्याच्या नावावर कर्ज काढणं. ते फेडायचं कसं, हे मला कॅनडाच्या लिन जॉन्स्टन या व्यंगचित्रकर्तीकडे पाहून थोडंफार उमगलं.

१९४७ साली जन्मलेल्या लिन हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय चित्रं काढत असत. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तपासणीच्या टेबलावर उताणं पडून कोऱ्या छताकडे बघत राहण्याचा त्यांना कंटाळा आला. त्यांचे प्रसूतितज्ज्ञ मरे एनकिन यांनी सुचवलं, मग तुम्हीच छतासाठी काहीतरी काढा! लिननी गरोदरपणाच्या गमतीजमतींची सुमारे ऐंशी चित्रं काढली. १९७३ साली त्यांचं पुस्तक झालं. पहिला संसार मोडला, पदरात लहान मुलगा. पुढे दंतवैद्य रॉड जॉन्स्टन यांच्याशी लग्न झालं आणि बिऱ्हाड मॅनिटोबातल्या लिन लेक या दूरच्या खाणगावी गेलं. लिनची पुस्तकं पाहून अमेरिकेतल्या युनिव्हर्सल प्रेस सिंडिकेटनं त्यांच्याकडे रोजची चित्रमालिका मागितली. सप्टेंबर १९७९ मध्ये 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' सुरू झाली. त्यातही नवरा दंतवैद्य, घरात एक मुलगा नि एक मुलगी!

आपला चिंटू १९९१ साली 'सकाळ'मध्ये आला आणि शाळकरीच राहिला. ती त्याची गंमत. लिनच्या घरातली माणसं मात्र वाचकांबरोबर वाढली. पोरं मोठी झाली, आईबापांचे केस पांढरे झाले. काळ पुढे सरकतो म्हटल्यावर फार्ली कुत्राही म्हातारा झाला आणि १९९५ साली घरातल्या धाकट्या मुलीला ओढ्यातून वाचवून मेला. वाचक हळहळले, काही रागावलेही. व्यंगचित्रकारांचा मानाचा रूबेन पुरस्कार मिळवणाऱ्या लिन या पहिल्या महिला.

२००७ साली लिन आणि रॉड वेगळे झाले. कागदावरचं जोडपं मात्र एकत्रच राहिलं. पुढच्याच वर्षी लिननी ती कथा संपवली. हे वाचताना मला वाटलं, लिननी आपल्या घराची हुबेहूब नक्कल केलीच नव्हती. त्यातल्या माणसांना त्यांनी स्वतःचं आयुष्य दिलं, बदलायला, शहाणं व्हायला वेळ दिला. कर्ज फिटतं ते असं.

माझ्या कादंबरीतली बाई आजही बत्तीस वर्षांचीच आहे आणि कुरकुरतेच आहे. सौ. मात्र केव्हाच पुढे निघून गेली. मी तिला तिथेच गाठ मारून ठेवलं होतं.

हल्ली डॉक्टरांच्या हुकुमानं आम्ही दोघंही बिनसाखरेचाच चहा घेतो. परवा चहा घेताना तिला हे सगळं सांगितलं. ती हसली.

"मग लिहा की दुसरा भाग. पण या खेपेला आधी मला वाचायला द्या."