निळा धूर, साबणाचं पाणी

साखर कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची बातमी पेपरात आली, की नेवासा फाट्यावरच्या गॅरेजवाल्यांची दिवाळी संपली म्हणून समजा. वर्षभर निळा धूर सोडत फिरलेले ट्रॅक्टर नेमके त्याच आठवड्यात दारात उभे राहतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, हे मालकालाही ठाऊक असतं. पण ऑइल घालत घालत खरीप निघतो तोवर कोण इंजिन उघडतो? गव्हाणीत मोळी पडायची तारीख ठरली, की मग एकदम, "मिस्त्री, चार दिवसांत बांधून द्या!"

मी त्या गॅरेजात काउंटरला असायचो. बिलं करायची, नगरहून स्पेअर आणायचे आणि मालकांना चहा पाजून मिस्त्रींपासून लांब ठेवायचं, हे तिसरं काम सगळ्यात अवघड. मिस्त्रींना सगळा फाटा मामा म्हणायचा. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. नगरला याचं कुणाला नवल नाही. १९४८ पासून आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे; रणगाड्यांवर हात बसलेली माणसं पेन्शनीत गेली की आसपासच दुकान थाटतात. मामांचं एक होतं, ते मालकाची हकिगत ऐकून घ्यायचे नाहीत. हेड उतरवायचं, सिलेंडरातल्या स्लीव्हच्या वरच्या काठाखाली अंगठ्याचं नख फिरवायचं. पिस्टनची वरची रिंग जिथवर येऊन परत फिरते तिथे झीज सगळ्यात जास्त, आणि तिच्यावरचा भाग जसाच्या तसा. त्यामुळे तिथे एक कड तयार होते. नख त्या कडेला अडकलं की मामा मागे न बघताच म्हणायचे, "एअर क्लीनर काढून आण त्याचा."

एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल हवं. एकदा वाटीत निघाला वाळलेला चिखल आणि वर नळीत गांधीलमाशीचं पोळं. मालक भेंड्याकडचे, वयाने मोठे. म्हणाले, "ते पण बघायचं असतं व्हय?" काळ्या रानात उन्हाळी नांगरटीला जी धूळ उडते, ती त्या वाटीत अडकली नाही तर थेट सिलेंडरात जाते, आणि रिंगा-स्लीव्हला पॉलिश पेपरसारखी घासत बसते. कंपनीला शिव्या घालणाऱ्या मालकांपैकी निम्म्यांचं उत्तर त्या वाटीत असायचं, असं माझं मत आहे.

फाट्यावर जुनी गिऱ्हाइकं मुख्यतः दोन. एक, महिंद्राचा बी-२७५. मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरचं मॉडेल. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि तो कांदिवलीला बनू लागला. दुसरा एचएमटी २५११, १९७१ पासून झेटरच्या सहकार्याने पिंजोरला तयार झालेला, दोन सिलेंडरांचा आणि पंचवीस अश्वशक्तीचा. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे स्लीव्ह आता राजकोटची येते. मामा नवी स्लीव्ह दोरीला टांगून पान्याने टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर ठेवायची, भद्द वाजली की परत. परतीची वारी माझ्याकडे.

एचएमटीची स्लीव्ह ओली. म्हणजे तिच्या बाहेरून थेट पाणी खेळतं आणि खाली रबरी ओ-रिंगा ते पाणी अडवतात. आमच्याकडची मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालची बरीच जमीन खारवट झाली, तसं कित्येक विहिरींचं पाणीही जड. तेच रेडिएटरमध्ये. जुनी स्लीव्ह ओढून काढली की बाहेरून पांढऱ्या-तांबड्या खपल्यांनी भरलेली, आणि पिस्टनचा रेटा ज्या बाजूला बसतो त्या बाजूला बारीक बारीक भोकं. मालक आतली झीज बघायला आलेला असतो. मामा त्याला बाहेरची बाजू दाखवायचे.

नवी बसवताना ओ-रिंगांना साबणाचं पाणी लावायचं. ऑइल किंवा ग्रीस नाही, त्याने साधं रबर फुगतं. रिंगेला पीळ पडू न देता स्लीव्ह दोन्ही तळव्यांनी सरळ दाबायची. मग ब्लॉकमध्ये पाणी भरायचं, ऑइल चेंबर उघडंच ठेवायचं, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि घरी जायचं. हा आमचा सगळ्यात बदनाम टप्पा. मालकाला वाटतं रात्र फुकट घालवली.

एका सकाळी पेपरवर दुसऱ्या सिलेंडरखाली रुपयाएवढा ओला डाग होता. मालक आमच्या आधी येऊन बसलेला. "थेंबच आहे मामा, जिरंल," म्हणाला आणि आम्ही काही बोलायच्या आत किराणा दुकानातून हळदीची पुडी घेऊन आला. गळक्या रेडिएटरला हळद टाकायची रीत आपल्याकडे आहेच, आणि बारीक गळतीला ती चालतेही. मामांनी पुडी हातात घेतली, वास घेतला, परत दिली. "ही घरी भाजीला ने. इथलं पाणी बाहेर नाही पडत, ऑइलात पडतं. आठवड्यात ऑइलचं ताक होईल, मग बेअरिंगांचं बिल वेगळं." स्लीव्ह पुन्हा बाहेर. ब्लॉकमध्ये ओ-रिंग टेकते त्या जागेवर गंजाची एक खपली होती, ज्वारीच्या दाण्याहून लहान.

बी-२७५ ची तऱ्हा वेगळी. त्याची स्लीव्ह सुकी, पातळ, ब्लॉकच्या बोअरमध्ये घट्ट दाबलेली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती अशी धरते की पुलर वाकतो. तेव्हा मामा वेल्डरला बोलवायचे. स्लीव्हच्या आतून वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची एक उभी रेघ मारायची, ब्लॉकला धक्का न लावता. गार होताना ती रेघ आवळते, तिच्याबरोबर स्लीव्ह आकसते, आणि सकाळभर न हललेली स्लीव्ह हाताने निघते. ठिणग्या बघून मालकाचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून त्या वेळी मी त्याला आवर्जून हॉटेलात न्यायचो.

बसवतानाचा उद्योग याच्या उलट. हायवेच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, फोडून पिंपात घालायची, नव्या स्लीव्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यात पुरायच्या. बर्फाने स्लीव्ह आकसते ती जेमतेम एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पण तेवढ्यावरच सगळा खेळ. बाहेर काढली की अंगावरचा ओलावा पुसायचा आणि एका दमात खाली न्यायची. निम्म्यात थांबली तर ब्लॉकची ऊब तिला लागते आणि ती तिथेच धरते. त्या अर्ध्या मिनिटात गॅरेजात कुणी बोलायचं नाही. एकदा मालकाचा फोन वाजला, तर मामांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. बिचाऱ्याने बॅटरीच काढली.

त्यानंतर रिंगा एकेक करून बोअरमध्ये सरकवून टोकांमधली फट फिलर गेजने बघायची. पिस्टनवर चढवताना फटी एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत. हे काम लांबून काहीच दिसत नाही, आणि मजुरीवरची घासाघीस नेमकी याच वेळेला सुरू होते. "किटचे पैसे ठीक आहेत, पण बसवायचे एवढे?" जुन्या स्लीव्हा-पिस्टन पोत्यात भरून मालकाच्या हवाली करायचे हा नियम होता, म्हणजे बदललेच नाहीत असा संशय नको.

इंजिन चालू झालं की नारळ फुटतो, पेढे येतात. मामांची अट एकच: थोडं काम झालं की हेडचे नट पुन्हा आवळायला यायचं. गॅस्केट बसतं, नट सैलावतात. सगळे हो म्हणायचे; हंगाम सुरू झाल्यावर फाट्याकडे कुणी फिरकायचं नाही. मग मामाच टॉर्क रेंच पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर माझ्या मागे बसायचे आणि आम्ही कारखान्याच्या केनयार्डात जायचो. वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टर तासन् तास उभेच असतात, इंजिनही गार होतं. ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपलेला असायचा. त्याला न उठवता बॉनेट उघडायचं, नट आवळायचे, व्हॉल्व्हची फट बघायची आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे वळायचं. बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "मामा, आमचाही बघता का, किती घ्याल?" मामा त्यांच्या धुराड्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हंगाम संपल्यावर ये. तुझं नटावर भागायचं नाही."