बुटक्यांचें हरवलेलें राज्य

हिमगौरी आणि सात बुटके यांची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांनीं मुलांस सांगितली असेल. तिच्यांतील बुटके प्रेमळ खरे. पण त्यांस ना पूर्वज, ना स्वदेश. बुटक्यांना कुलपरंपरा, भाषा व इतिहास देण्याचें काम ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनीं केलें. 'द हॉबिट' (१९३७), 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) व त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालेला 'द सिल्मरिलियन' (१९७७) या ग्रंथांतील त्या कल्पित जातीचा वृत्तान्त आज आम्ही थोडक्यांत देत आहों.

औले हा त्या सृष्टींतील विश्वकर्मा. आपली विद्या देण्यास शिष्य हवेत, या उतावीळपणानें त्यानें ईश्वराज्ञेवांचून सात बुटके घडविले. ईश्वरानें जाब विचारतांच त्यानें रडत रडत त्यांच्यावर हातोडा उगारला. तों ते भयानें मागें सरले. त्यांच्यांत जीव आला होता! ईश्वरानें त्यांस आपलें म्हटलें. मात्र एल्फ नांवाची ज्येष्ठ जाति जागी होईपर्यंत त्यांस पाषाणाखालीं निजविलें.

त्या सातांतील थोरला दुरिन. त्याची राजधानी खजाद-दूम, तीच पुढें मोरिया म्हणून प्रसिद्ध झाली. पोलादाहून कठीण पण वजनास हलकी अशी मिथ्रिल नांवाची धातु तेथें सांपडे. तिच्या लोभानें खाण फार खोल गेली आणि तिसऱ्या युगाच्या १९८० व्या वर्षीं तळाशीं दडलेला अग्निराक्षस जागा झाला. राज्य बुडालें. पुढें त्याच वंशानें एरेबोर पर्वतांत दुसरें राज्य उभारलें. तें २७७० सालीं एका महासर्पानें गिळंकृत केलें. राजवंशीय लोक परमुलखांत लोहारकाम करून, प्रसंगीं कोळसा खणून पोट भरूं लागले. तें राज्य परत मिळवितांना थोरिन राजास सोन्याच्या मोहानें घेरलें. मरतेसमयीं त्यानें तो दोष स्वतः कबूल केला.

परंतु धनलोभ एवढीच या जातीची ओळख नव्हे. परक्यांशीं ते परक्यांच्याच भाषेंत बोलत. स्वतःची खुझ्दुल भाषा मात्र सहसा कोणास शिकवीत नसत. आपलें खरें नांव ते थडग्यावरसुद्धां कोरीत नसत. १९५५ च्या एका पत्रांत टॉल्किन यांनीं त्यांची तुलना यहुदी लोकांशीं केली आहे: राहत्या देशाचे, तरीही तेथें उपरे, बोली त्या देशाची, पण उच्चारांत स्वभाषेची छटा. महाराष्ट्रीयांस हें चित्र अगदींच परकें नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल मराठी बोलत, तेल गाळीत. पण शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत.

मोरियाचीं शिखरें दिसूं लागतांच गिम्ली नांवाचा बुटका सोबत्यांस सांगतो कीं, त्याला नकाशाची गरज नाहीं. तीं त्यानें पूर्वीं एकदांच, तींही दुरून, पाहिलेलीं असतात. परंतु त्याच्या लोकांनीं तीं धातूंत व दगडांत घडविलेलीं, गीतांत व कथांत गाइलेलीं असतात; आणि तिन्हींचीं नांवें त्याला आपल्या भाषेंत मुखोद्गत असतात. राज्य गेल्यास हजारावर वर्षें लोटलीं होतीं. पण घरोघरचें तें पाठांतर कोणत्याही राक्षसास हिरावून घेतां आलें नाहीं.