थेंब खाली, दोष वर

सकाळी गाडी बाहेर काढली आणि फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला, की जुन्या गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. हिशेब मात्र साधा आहे. तेलाचे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब या गतीने दहा तास ठिबकलं, तरी जातं ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. ते पसरतं, म्हणून जास्त वाटतं. किती गेलं ते डिपस्टिकला विचारावं. आणि कुठून गेलं, हे तर डागाला विचारूच नये.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर प्रीमियर पद्मिनीचं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, फियाट ११०० च्या घराण्यातली ही गाडी. तिची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे उठली, पण हौशी मालकांच्या दारात ती अजून आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. गळतीचं एक कारण या जोडणीतच आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. चाळीस सेंटिमीटरचं हेड धरलं आणि तापमान ७० अंशांनी वाढलं, तर मोकळं ॲल्युमिनियम सुमारे ०.६५ मिलिमीटर वाढेल, बीड जेमतेम ०.३. बोल्ट हा फरक दाबून धरतात, पण मधल्या गॅस्केटला प्रत्येक फेरीत घासटणं चुकत नाही. सांध्यावर हिरवट-पांढरी खपली धरते ती इथूनच. असा नुसता पाझर असेल तर थंड इंजिनावर, टॉर्क पाना घेऊन, मधल्या बोल्टपासून कडेकडे ठरल्या क्रमाने आवळण्याने कधी कधी भागतं. डिपस्टिकवर दुधी चिकटा दिसला तर मात्र पाणी तेलात गेलंय. हेड उतरवावंच लागेल.

तेलाकडे वळू. पंख्याचा आणि धावण्याचा वारा तेल मागे ढकलतो, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून सुटलेलं तेल ब्लॉकवरून घरंगळत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या मागच्या टोकाला येऊन टपकतं, आणि मिस्त्री म्हणतो, ‘मागचं ऑइल सील गेलं.’ ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेवढ्या खर्चाआधी एक दिवस द्या. थंड इंजिन ब्रश आणि रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडं करा, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवून बघा. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे पावडर ओली झाली, तिथे दोष. तेलात घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील टॉर्चही मिळतो, पण बहुतेक वेळा पावडर पुरते.

दोष सापडल्यावरही लगेच पाना उचलू नये. तेल बाहेर येतं ते फटीमुळे, तसंच आतल्या दाबामुळे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू थोडा थोडा खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. वर्षानुवर्षांच्या चिकट काजळीने ती तुंबली, की चेंबरमध्ये दाब साचतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून निघतं. नवं सील टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळती सुरू झाली, तर आधी ही नळी काढून साफ करावी. फुकटातला उपाय आहे, म्हणूनच बहुधा कोणी सुचवत नाही. जुन्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी ब्रिटिश इंजिनात तर क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर कोरलेले आटे फिरता फिरता तेल आत परत ओढत. तिथे थोडं ठिबकणं मूळ रचनेतच आलं.

टॅपेट कव्हरखालची पट्टी बहुधा कॉर्कची असते. कॉर्क दाबला तर बाजूला जवळजवळ फुगतच नाही, रबर फुगतं. म्हणून कॉर्क सांध्यातून बाहेर न सरकता तिथेच घट्ट बसतो. पण वयाने तो सुकतो, आक्रसतो. अशा वेळी बोल्ट आणखी आवळणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि सगळ्यात वाईट. कॉर्कच्या पेशी चिरडतात, पत्र्याचं कव्हर बोल्टच्या भोकांपाशी वाकतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. नवी पट्टी टाकण्याआधी कव्हर सपाट लाकडावर ठेवून ती भोकं हलक्या हाताने ठोकून सरळ करावीत.

चेंबरच्या ड्रेन प्लगखालचा तांब्याचा वॉशर तर बदलावाही लागत नाही, नुसता तापवला तरी चालतो. दाबाखाली तांब्याच्या स्फटिकांमध्ये ताण साचून ते कडक होतं. लालसर होईपर्यंत तापवलं की स्फटिक नव्याने जुळतात आणि वॉशर पुन्हा मऊ होतो. मग पाण्यात बुडवा किंवा तसाच निवू द्या, तांब्याला फरक पडत नाही.

पाण्याची गळती जास्त गंभीर, कारण तिथे इंजिन तापून वाकायला अर्धा तासही लागत नाही. आधी होज पाइप थंड असताना दाबून बघावेत. भुसभुशीत किंवा कडक झाले असतील तर बदलावेत, क्लिपा नव्याने आवळाव्यात. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर ते भोक बुजवू नका. आतलं सील गेल्याची खबर देण्यासाठीच ते ठेवलेलं असतं.

वर्षानुवर्षं नळाच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत कुलंट घातलं की नव्या जागी पाझर फुटतो, अशी तक्रार नेहमीची. कुलंटमधल्या ग्लायकॉलचा पृष्ठताण ४८ च्या आसपास, पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. म्हणून मिश्रण बारीक फटीत सहज शिरतं. शिवाय ज्या गंजाने भोक बुजलं होतं, तो सुटतो. भोक मात्र आधीपासूनचं. कुलंटला दोष देऊन पुन्हा नळाच्या पाण्यावर जाण्यात अर्थ नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची ड्रायव्हर मंडळींची युक्ती खरोखर चालते. पाणी भोकातून निसटताना हळदीचे कण तिथे ओढले जातात, फुगतात, अडकतात. पण त्या कणांना भोक आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. घाटात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. पोहोचल्यावर रेडिएटर धुऊन तांब्या-पितळेतल्या त्या भोकाला डाख द्यावा.

आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. वातावरणापेक्षा अर्धा बार जास्त दाबाखाली पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि एक लिटरमधलं वीसेक मिलिलिटर पाणी क्षणात वाफ होतं. ती वाफ तीस लिटरहून जास्त जागा मागते, उकळतं पाणी बरोबर घेऊन.

एवढं सगळं करूनही थोडं तेल ठिबकत राहिलं, तर खाली पुठ्ठा टाका आणि डिपस्टिक बघत राहा. तेल गरम एक्झॉस्टवर किंवा ब्रेकवर पडत नसेल तोवर चालेल. कुलंटची पातळी उतरत असेल तर गाडी बाहेर काढू नका. सांडलेलं कुलंट लगेच धुऊन टाका: ते गोड असतं, विषारी असतं, आणि गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.