दुधनीचा नळ कोणाच्या पैशावर चालतो

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, महाराष्ट्र संपता संपता, दुधनी लागते. अक्कलकोट तालुक्यातले हे दहा-बारा हजार वस्तीचे गाव. घरात कानडी, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी इथली रीत. तूर, उडीद, मूग यांच्यासाठी इथली बाजार समिती दूरवर माहीत आहे आणि सीमेपलीकडचा शेतकरीही इथे माल घेऊन येतो. या गावाचा कारभार ग्रामपंचायत नव्हे तर नगरपरिषद पाहते. एकट्या अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा आहेत, आणि त्यांतली दुधनी राज्याच्या वर्गवारीत ‘क’ वर्गात, म्हणजे सर्वांत लहान गटात बसते. आजच्या कायद्याने नवी नगरपरिषद करायची तर किमान २५ हजार लोकसंख्या लागते. त्या मापाने दुधनीला नगरपंचायतच मिळाली असती. तरीही पाणी, दिवे, गटारे, कचरा, रस्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी, बांधकामाचे परवाने ही मोठ्या शहराची सारी कामे तिच्या माथी आहेत. ही संस्था दुबळी का आहे, असे विचारले की ‘निधी येत नाही’ हे उत्तर तयार असते. माझे म्हणणे वेगळे आहे. निधी येतो, योजना होतात, जलवाहिन्या पडतात. बांधलेले रोज चालवायला लागणारा पैसा मात्र वरून येत नाही, तो गावातच उभा करावा लागतो. तो उभा करण्याची हिंमत आणि त्याचा उघडा हिशोब, या दोन्हींची सवय आपण छोट्या शहरांना लागूच दिली नाही.

हे समजायला तुरीचे एक पोते बाजारातून जाताना पाहावे. पोते आवारात उतरते, ढीग लागतो, लिलाव होतो, माप होते. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर हमाली आणि तोलाई कापली जाते, खरेदीदाराकडून शंभर रुपयांमागे रुपयाच्या आसपास बाजार फी घेतली जाते. ही फी बाजार समितीच्या तिजोरीत जाते, कारण समिती ही नगरपरिषदेहून वेगळी, पणन कायद्याखाली चालणारी संस्था आहे. डाळ पिशवीत बंद होऊन नावानिशी विकली गेली आणि तिच्यावर जीएसटी लागला, तर तो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. माल रेल्वेने गेला तर भाडे रेल्वेला, आणि रेल्वेची मालमत्ता केंद्राची असल्याने तिच्यावर घरपट्टी बसत नाही. पोते भरलेल्या ट्रकने गावातला रस्ता दाबला, हमालांनी गावचे पाणी प्यायले, रात्री आवाराबाहेर पथदिवा जळला, हा सारा खर्च नगरपरिषदेचा. तिच्या हाती उरते ती गाळ्याची आणि गोदामाची मालमत्ता करापुरती आकारणी.

पूर्वी असे नव्हते. गावाच्या वेशीवर जकात नाके होते. येणाऱ्या मालावर जकात बसे आणि ज्या गावात उलाढाल मोठी तिथल्या नगरपरिषदेची तिजोरी आपोआप भरे. बाजाराच्या गावाला हे उत्पन्न सर्वांत सोयीचे होते. नाक्यावरची लाचखोरी, खोळंबलेल्या गाड्या आणि व्यापाराला बसणारा फटका ही कारणे खरी होती, त्यामुळे १९९९ मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात रद्द केली ते योग्यच झाले. पण तिच्या बदल्यात आले ते सरकारी सहायक अनुदान. त्यातून मुख्यतः कर्मचाऱ्यांचे पगार भागतात. व्यापार वाढला तर जकात वाढे. अनुदान मात्र गावच्या बाजाराकडे पाहून वाढत नाही. गावाची भरभराट आणि नगरपरिषदेची मिळकत यांचा धागा तिथे तुटला, आणि तो पुन्हा जोडायला एकच मोठे साधन शिल्लक राहिले, ते म्हणजे मालमत्ता कर.

हा कर कसा बसतो ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण भांडणे बहुतेक इथेच होतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणतात. त्यावर ठरलेल्या टक्क्याने एकत्रित मालमत्ता कर बसतो. सामान्य कर, दिवाबत्ती, सफाई आणि सर्वसाधारण पाणी कर त्यातच येतात. मागणी बिलावर त्याच्याखाली शिक्षण कर आणि रोजगार हमी कर छापलेला असतो, पण ते दोन्ही राज्याचे. नगरपरिषद फक्त वसूल करून पुढे पाठवते. बिल हातात पडले की माणूस खालचा एकूण आकडा पाहतो आणि ‘नगरपालिकेने एवढे लावले’ म्हणतो. त्यातला किती गावात राहणार हे त्याला कोणी सांगत नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची असते, ती नगररचना खात्याच्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्यायची असते, यादी प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात. नियम चांगला आहे. पण फेरआकारणी निवडणुकीच्या तोंडावर आली की ती पुढे ढकलण्याचा मोह सगळ्या पक्षांना होतो, आणि मग माळवदाचे घर पाडून तिथे दुमजली इमारत उभी राहिली तरी नोंदवहीत माळवदच राहते. जुन्या वस्तीतला गरीब आणि नव्या वस्तीतला सधन एकाच पट्टीने मोजला जातो. याला करसवलत म्हणता येणार नाही. हा गरिबावरचा अन्याय आहे.

भारतात मालमत्ता कराची एकूण वसुली देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाव टक्क्यालाही पोहोचत नाही; श्रीमंत देशांत ती सरासरी एक टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे दुधनीचे दुखणे एकट्या दुधनीचे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने हे ओळखले. शहरांच्या अनुदानाला त्याने दोन अटी लावल्या: हिशोब ऑनलाइन प्रसिद्ध करा, आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवून वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवा. दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या रकमेतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला. अटी जाचक वाटतात, पण त्यांच्यामागचा विचार मला पटतो.

पाण्याकडे पाहिले की तो का पटतो ते कळेल. अक्कलकोट तालुक्यातली ही तिन्ही शहरे बोरी नदीवरच्या कुरनूर धरणाच्या भरवशावर आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालावरून जी कोसळते तीच ही बोरी. पुढे कुरनूरला ती अडवली आहे आणि तिथून सोडलेले पाणी खालच्या बंधाऱ्यांत साठते. पाऊस दगा देणारा, तो चुकला की धरण भरत नाही, म्हणून एकरुख उपसा सिंचन योजनेतून भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी कुरनूरपर्यंत आणण्याची धडपड झाली. ही मोठी सोय आहे, पण ती सोय विजेवर चालते. भीमेचे पाणी उचलून बोरीत आणायला पंप, बोरीतून उचलून शुद्धीकरणाला न्यायला पंप, तिथून उंच टाकीत चढवायला पंप. पाणी जितके लांबून आणि खालून, तितके महावितरणचे बिल मोठे. तुरटी, ब्लिचिंग पावडर, जळालेली मोटार, फुटलेली जलवाहिनी, पहाटे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार हे वेगळेच. अमृत २.० मध्ये एक लाखाखालच्या शहराला मंजूर पाणी योजनेच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र देते आणि उरलेल्यातला बराच राज्य उचलते. पण वीजबिल ना केंद्र भरते, ना राज्य. योजनेचे भूमिपूजन होते, फलक लागतो. पंपघराच्या बिलाला फलक नसतो, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. बिल थकले की वीज तुटते. पथदिवे आणि पाणीयोजनांच्या थकबाकीपायी राज्यातल्या अनेक छोट्या शहरांवर ही वेळ आलेली आहे.

इथे विमानतळाचा विषय काढावासा वाटतो, कारण सोलापूर जिल्ह्यात विकासाची चर्चा गेली काही वर्षे त्याच्याभोवतीच फिरली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याला पहिले विमान गेले. पलीकडे कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्येच सुरू झाला होता. आपल्याकडे विमानतळ हा केंद्राचा विषय, त्यामुळे दुधनीच्या नगरसेवकाला त्यात मत नाही आणि खर्चही नाही. अमेरिकेत मात्र दुधनीएवढ्या गावांच्या कौन्सिल स्वतःची धावपट्टी बाळगतात. पाणी, काही ठिकाणी वीज आणि विमानतळ एकाच बैठकीत, एकाच अंदाजपत्रकात मांडतात. धावपट्टीच्या दुरुस्तीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास खर्च संघसरकार देते, पण उरलेला वाटा गावाने किंवा राज्याने घालावा लागतो आणि पुढची वीस वर्षे ती धावपट्टी नीट ठेवू, असे लिहून द्यावे लागते. मला त्यातले विमान महत्त्वाचे वाटत नाही, ते लिहून देणे महत्त्वाचे वाटते. अनुदान घेतानाच देखभालीचा पैसा कुठून येणार हे करदात्यांसमोर मांडावे लागते. आपल्या पाणीयोजनांच्या कागदांतही देखभाल-दुरुस्तीचे प्रकरण असते, पण त्यातला पाणीपट्टीचा दर प्रत्यक्षात लावला की नाही हे नंतर क्वचितच विचारले जाते.

यावर पहिला आक्षेप असा की लोक गरीब आहेत, हा दुष्काळी पट्टा आहे, कर कशाला वाढवता? आक्षेप मनापासूनचा आहे. पण नळाला पाणी आले नाही की पैसे वाचत नाहीत. सधन माणूस बोअर पाडतो, मध्यमवर्गीय टँकर मागवतो, आणि मजुरी बुडवून घागरीच्या रांगेत उभी राहते ती गरीब घरातली बाई. कमी पाणीपट्टी आणि बंद नळ हा गरिबाला सर्वांत महाग पडणारा सौदा आहे. लहान घरांना दर कमी, गोदामे, गाळे आणि मोठ्या इमारतींना खरी आकारणी, अशी रचना करता येते. त्यासाठी आधी मोजणी खरी हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पाणी चार-आठ दिवसांनी येते, गटार तुंबलेले, मग पट्टी कशाबद्दल भरायची? नगरपरिषद म्हणते आधी भरा, नागरिक म्हणतो आधी द्या. या कोंडीत पहिले पाऊल नगरपरिषदेनेच टाकले पाहिजे असे मला वाटते, कारण हिशोब तिच्याकडे आहे. पाणीपुरवठ्याची जमा किती, वीजबिल किती, थकबाकी कोणाची, हे एका पानावर छापून चौकात आणि बाजार आवारात लावता येते. ते मराठीत हवेच, आणि दुधनीत त्याच्या शेजारी कानडीतही हवे. पातूर नगरपरिषदेच्या उर्दू फलकाच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठीबरोबर दुसरी भाषा वापरायला कायद्याची आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले आहे. २०२२ च्या अखेरीस याच तालुक्यातली काही सीमेवरची गावे रस्ते-पाण्याच्या तक्रारीवरून कर्नाटकात जाण्याची भाषा बोलू लागली होती. त्यामागे भाषेपेक्षा नळाचा आणि रस्त्याचा राग होता, हे विसरू नये.

तिसरे म्हणणे असे की राज्यानेच जकात काढून घेतली, तर राज्यानेच भरपाई द्यावी. ते निम्मे बरोबर आहे. बाजाराच्या गावाला त्याच्या उलाढालीच्या मानाने वाटा मिळायला हवा, आणि बाजार फीतला ठरावीक भाग आवाराबाहेरच्या रस्त्यांना व दिव्यांना मिळावा, ही मागणी दुधनीने जोर लावून केली पाहिजे. पण गावातल्या मोठ्या थकबाकीदाराला हात न लावता ही मागणी मुंबईत नेली तर तिला वजन येणार नाही. थकलेल्या करावर महिन्याला दोन टक्के शास्ती बसते. ती साचत जाऊन मुद्दलापेक्षा मोठी होते, आणि मग अभय योजनेतून माफ करण्याची मागणी पुढे येते. अडचणीतल्या माणसाला ती सवलत योग्यच. वारंवार दिली तर मात्र वेळेवर भरणाराच मूर्ख ठरतो.

आणि हे सारे कोणी ठरवायचे? २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर राज्यातल्या नगरपरिषदा ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकून काही वर्षे प्रशासकाच्या हाती गेल्या. प्रशासक वसुली कडक करू शकतो, पण दर का वाढवला हे गल्लीत उभे राहून सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. कर लावणे हे लोकांनी निवडलेल्यांचे काम आहे, कारण त्यांनाच पुन्हा लोकांसमोर जायचे असते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आता सबब उरलेली नाही.

दुधनीकरांनी पुढच्या अंदाजपत्रकाआधी नगरपरिषदेकडे एकच कागद मागावा: पाणीपुरवठ्याचा वेगळा जमाखर्च, वीजबिलासह आणि मोठ्या थकबाकीदारांच्या रकमांसह. तोंडी मागून मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो कागद वाचून झाल्यावर आपल्या घराच्या आकारणीवर हरकत असेल तर मुदतीत लेखी घ्यावी, आणि नसेल तर यंदाची पट्टी मार्च उजाडण्याआधी भरून टाकावी.