प्रीमियम म्हणजे तो एक रुपया नव्हे

खरीप 2023 पासून पीकविम्याचा अर्ज एक रुपयात भरला जाऊ लागला आणि सेवा केंद्रांत ‘प्रीमियम एक रुपया’ हा शब्दप्रयोग रुळला. प्रीमियम (विमाहप्ता) म्हणजे विमा कंपनीला मिळणारी पूर्ण रक्कम. ती कोणाच्या खिशातून येते, हा वेगळा प्रश्न. एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते, म्हणून मूळ भाडे निम्मे होत नाही. तसेच इथे उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरत. शेतकऱ्याला आपल्या खिशातले कळले की पुरे, असे कोणी म्हणेल. पावतीपुरते ते खरेही आहे. पण भरपाईची जोखीम कंपनी आणि सरकार यांत वाटून घेणाऱ्या ‘बीड पॅटर्न’चा सारा हिशेब पूर्ण प्रीमियमवर चालतो: भरपाई त्याच्या 110 टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार राज्याचा, 80 टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने 20 टक्के ठेवून बाकीचे सरकारला परत करायचे. एका रुपयावर हे गणित बसवून पाहा! अर्ज भरून घेताना ‘शेतकरी हिस्सा एक रुपया’ म्हणणेच बरोबर होते.